संध्याकाळी नितळ, सकाळी तांबूस: रंगाईच्या पाण्यातला रंग परत का येतो

रंगाई कारखान्याचा ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा, सांभाळणाऱ्या प्रत्येकानं हे अनुभवलेलं असतं. संध्याकाळी सेटलिंग टँकचं वरचं पाणी ग्लासात घेतलं तर पलीकडची बोटं स्वच्छ दिसतात. सकाळी येऊन पाहावं, तर त्याच पाण्याला कोऱ्या चहाचा रंग आलेला. मग हिराकस (फेरस सल्फेट) वाढतो, चुना वाढतो, गाळ दुप्पट होतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा चहा.

मी सोलापुरात टॉवेल आणि चादरीचं सूत रंगवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात केमिस्ट आहे. दिवसाला तीसेक हजार लिटर पाणी निघतं, बहुतेक रिॲक्टिव्ह रंगांचं, अधूनमधून व्हॅटचं. या प्रश्नानं आम्हाला सलग तीन आठवडे छळलं. तेव्हा जे हाती लागलं ते इथं सविस्तर लिहितो, कारण इचलकरंजी असो की भिवंडी, या तक्रारीवर सगळीकडं एकच औषध सांगितलं जातं: डोस वाढवा. पाणी सकाळी रंगतं त्यामागं तीन-चार वेगवेगळी कारणं असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला अपाय करतं. आधी कारण ओळखा, मग गोणी फोडा.

मुळात हा रंग एवढा चिवट का

जुने रंगारी मास्तर सांगतात, पूर्वी तुरटी फिरवली की पाणी पांढरं व्हायचं. ते खरंच सांगतात. व्हॅट, नॅप्थॉल हे रंग शेवटी पाण्यात न विरघळणाऱ्या रूपात असतात, म्हणजे बारीक कण. तुरटीच्या फ्लॉकमध्ये, म्हणजे तिच्यामुळं पाण्यात धरणाऱ्या मऊ गुठळ्यांमध्ये, ते अडकतात आणि खाली बसतात. रिॲक्टिव्ह रंग बाजारात आले ते १९५६ साली. हे रंग सुताशी रासायनिक बंध जोडतात म्हणून धुतल्यावर जात नाहीत, पण जो रंग सुताला न लागता पाण्याशीच जोडला जातो तो पुढं कशालाच लागत नाही. तो पूर्ण विरघळलेला असतो, त्याच्या अंगावर सल्फोनेटचे ऋण भार असतात आणि तुरटीचा फ्लॉक त्याला नीट धरत नाही.

किती रंग वाया जातो त्याचा हिशोब एकदा करून बघा. शंभर किलो सुताला ४ टक्के काळी शेड म्हणजे ४ किलो रंग. रिॲक्टिव्ह रंग साधारण ६० ते ८० टक्के लागतो. पाऊण भाग लागला असं धरलं तरी १ किलो रंग नाल्यात गेला. लिटरला १ मिलिग्रॅम रंग असला तरी डोळ्याला दिसतो. म्हणजे तो एक किलो दहा लाख लिटर पाणी रंगवायला पुरतो. एका लॉटचा!

म्हणून सुती रंगाईत तुरटीऐवजी हिराकस आणि चुना वापरतात. चुन्यानं पीएच (सातच्या खाली आम्ल, वर अल्क) साडेनऊ-दहाच्या वर गेला की हिराकसातलं लोह हिरवट हायड्रॉक्साइड होऊन बसतं. हे हिरवट रूप रंगाच्या रेणूमधला ॲझो बंध, म्हणजे दोन नायट्रोजनमधला जोड, तोडतं. बहुतेक रिॲक्टिव्ह रंग रंगीत असतात ते या जोडामुळं. जोड तुटला की रंग गेला, आणि उरलेले तुकडे काही प्रमाणात फ्लॉकबरोबर खाली येतात. हे हिरवट रूप टिकून राहणं फार महत्त्वाचं आहे, पुढं त्याचं काम पडेल.

आमचे तीन आठवडे

उन्हाळ्याचे दिवस होते, काळ्या आणि मरून टॉवेलची मोठी ऑर्डर. हिराकस लिटरला एक ग्रॅम चालायचा. सकाळी पाणी तांबूस दिसायला लागलं तसा दीड ग्रॅम केला, मग दोन, मग अडीच. तांबूसपणा वाढतच गेला. ड्रायिंग बेडवर गाळ मावेना. मालक म्हणाले, हिराकस भेसळीचा असणार. पुरवठादार बदलला. काही फरक नाही.

शेवटी एक दिवस मी ऑफिसात न बसता दुपारी दोनपासून टाकीच्या कट्ट्यावरच थांबलो. ईटीपी आमचे अण्णा चालवतात, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, काम अतिशय चोख. त्यांनी हिराकस सोडला, चुन्याची निवळी सोडली, कागद बुडवून पाहिला, पीएच दहा. दाट हिरवट-काळा फ्लॉक उठला. आणि पाचव्या मिनिटाला त्यांनी ॲसिडच्या कॅनला हात घातला.

"अण्णा, ॲसिड आत्ताच?"

"चुना झाला की लगेच सोडतो की सर. बाहेर जाताना सात पाहिजे ना पाण्याला."

चूक अण्णांची नव्हती. तसं मीच सहा महिन्यांपूर्वी तोंडी सांगितलं होतं, "शेवटी ॲसिड मारून सातवर आणा." शेवटी म्हणजे गाळ बसल्यावर, पाणी दुसऱ्या टाकीत घेतल्यावर, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं.

याचा परिणाम असा. पीएच दहाला लोह फ्लॉकमध्ये असतं. गाळ खाली बसायच्या आत पीएच सातवर आणला की त्यातलं काही लोह पुन्हा पाण्यात विरघळतं. विरघळलेलं फेरस लोह जवळपास रंगहीन असतं, म्हणून संध्याकाळी पाणी नितळ दिसतं. रात्रभर हवा लागली की तेच लोह फेरिक होतं आणि तांबूस हायड्रॉक्साइड म्हणून बाहेर पडतं. लोखंडी खिडकीला येतो तोच हा गंज. आमच्या पाण्यातला काळा रंग पहिल्याच दिवशी गेला होता. त्यानंतर आम्ही जेवढा हिराकस वाढवत होतो तेवढा गंज वाढत होता. हिराकसात वजनाच्या २० टक्के लोह असतं. लिटरला अडीच ग्रॅम डोस म्हणजे लिटरला ५०० मिलिग्रॅम लोह आपण आपल्या हातानं घालतो, आणि त्यातलं दहा मिलिग्रॅम जरी मागं राहिलं तरी पाणी सकाळी रंगलेलं दिसणारच.

दोन बाटल्यांची परीक्षा

आता कुणीही "रंग परत येतो" म्हणालं की मी आधी हीच परीक्षा करायला सांगतो. खर्च शून्य.

पाण्याच्या दोन रिकाम्या पारदर्शक बाटल्या घ्या. दोन्ही त्याच संध्याकाळच्या प्रक्रिया केलेल्या पाण्यानं दोनदा विसळा. पहिली अगदी काठोकाठ भरा, बाटली दाबून थोडं पाणी ओसंडू द्या आणि तसंच झाकण लावा. उलटी केल्यावर आत बुडबुडा दिसता कामा नये. दुसरी निम्मी भरा, वीस-पंचवीस वेळा जोरात हलवा आणि उघडी ठेवा. दोन्ही सावलीत, पांढऱ्या भिंतीसमोर. सकाळी बघा.

दोन्ही बाटल्या नितळच असतील आणि टाकी मात्र रंगली असेल तर रसायनांचा दोष नाही. रात्रपाळीत कुठंतरी कच्चं पाणी टाकीत येतंय. व्हॉल्व्ह गळतोय, किंवा सोपिंगचं (रंगवलेलं सूत साबणानं धुतल्याचं) पाणी बायपासनं उतरतंय, किंवा तळाचा जुना गाळ उठतोय. पाना घेऊन पाइपलाइनीच्या मागं लागा.

दोन्ही सारख्याच रंगल्या असतील तर रंग संध्याकाळीही होताच, आपल्याला दिसला नाही. ग्लासातलं पाणी बोटभर जाडीचं असतं, टाकी दोन मीटर खोल असते. शिवाय ट्यूबलाइटच्या उजेडात फिका पिवळा कळत नाही. अशा वेळी लिटरभराच्या उभ्या सिलिंडरमध्ये पाणी घेऊन, खाली पांढरा कागद ठेवून वरून बघायची सवय लावा.

उघडी रंगली आणि बंद नितळ राहिली तर हवेचा खेळ आहे. आमचं असंच झालं होतं. इथून पुढं दोन-तीन फाटे फुटतात. उघड्या बाटलीतलं पाणी फिल्टर पेपरमधून गाळा. कागदावर तांबूस साय राहिली आणि खाली पाणी स्वच्छ उतरलं तर लोह. खात्री हवी असेल तर त्या डागावर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब आणि पोटॅशियम थायोसायनेटच्या द्रावणाचा एक थेंब टाका. रक्तासारखा लाल उमटला की शंका मिटली. कागदावर निळा, हिरवा किंवा काळा कण राहिला तर व्हॅट किंवा सल्फर रंग. आणि कागद कोराच राहून रंग खाली उतरला, म्हणजे रंग विरघळलेला आहे, तर तुटलेल्या रंगाचे तुकडे.

लोह असेल तर

क्रम बदला, डोस तसाच ठेवा. हिराकस आणि चुना घालून पीएच साडेनऊ ते दहावर आणा आणि पंधरा-वीस मिनिटं हळू ढवळा. या वेळात ब्लोअर बंद. हवा सोडली तर हिरवट लोह रंगाला हात लावायच्या आतच तांबूस होऊन बसतं आणि त्याची ताकद फुकट जाते. आमच्याकडं रिॲक्शन टँकला ढवळणी नव्हती, हवेवरच ढवळायचो. एका जुन्या मोटरला पंखा लावून घेतला तेव्हा आहे त्याच डोसात काळा जास्त स्वच्छ निघायला लागला.

त्यानंतर ॲनायनिक पॉलिमर लिटरला एक-दोन मिलिग्रॅम, गाळ बसायला दीड-दोन तास. मग फक्त वरचं पाणी दुसऱ्या टाकीत घ्या. तिथं पीएच साडेआठ ते नऊ असतानाच अर्धा तास हवा सोडा. उरलंसुरलं लोह इथं तांबूस होऊन खाली बसेल किंवा सँड फिल्टरमध्ये अडकेल. पीएच एका अंकानं वाढला की लोह हवेनं शंभर पट वेगानं पालटतं, म्हणून सातला जे व्हायला रात्र लागते ते नऊला हां हां म्हणता होतं. हे सगळं उरकल्यावर ॲसिड. आधी नाही.

पीएचचा आकडाही तपासून घ्या. चुन्यात रोज बुडणाऱ्या मीटरच्या काचेवर पांढरी खपली धरते आणि मीटर वाटेल ते सांगतो. आठवड्यातून एकदा सौम्य ॲसिडात ती काच बुडवून धुवा आणि बफरवर लावून बघा.

चुन्याचंही एक आहे. पावसाळ्यात गोणी उघडी राहिली की चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून खडू बनतो. दिसायला तसाच पांढरा, पण मेलेला. चिमूटभर चुना बशीत घेऊन त्यावर सौम्य ॲसिड टाका. भसाभसा फसफसला तर त्यातला पुष्कळ भाग खडू झालेला आहे आणि तो कितीही घातला तरी पीएच वर जाणार नाही.

लोहाचा आणखी एक जाच आहे. ऑक्टोबर २०१६ च्या केंद्राच्या अधिसूचनेत कापड उद्योगाच्या सांडपाण्याला रंगाची मर्यादा १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एकक अशी आहे. ही मोजपट्टी मुळात पिवळ्या-तपकिरी छटांची. आपल्या डोळ्याला खुपतो तो निळा तिच्यावर कमी भरतो आणि आपणच घातलेलं पिवळट लोह मात्र पुरेपूर भरतं.

व्हॅट आणि सल्फर: इथं सगळं उलटं

व्हॅट रंगाईत कॉस्टिक सोडा आणि हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) घालून रंग विरघळलेल्या रूपात आणतात, मग हवेनं तो सुतावर पक्का करतात. नाल्यात जातो तो रंगही हायड्रोच्या जोरावर विरघळलेलाच असतो. त्याच्यावर हिराकस घातला तर काय होणार? हिराकस स्वतः हायड्रोच्याच जातीचा, ऑक्सिजन काढून घेणारा. रंग विरघळलेलाच राहतो, फिल्टरमधून आरपार जातो आणि पुढं ओढ्याला हवा लागली की मूळ रंगात येतो.

या पाण्याला आधी हवा द्यायची. दोन-चार तास ब्लोअर चालवला, हायड्रोचा गंधकासारखा वास गेला आणि पाण्यात रंगाचे कण दिसायला लागले की पीएच सातच्या आसपास आणून साधी तुरटीसुद्धा त्याला धरते. म्हणजे रिॲक्टिव्हला हिराकसाच्या वेळी हवा नको आणि व्हॅटला हवेशिवाय गती नाही. दोन्ही एकाच खड्ड्यात सोडली की दोन्ही बिघडतात. मास्तरांकडून रोज सकाळी कुठल्या कॅबिनेटला (सूत रंगवायच्या यंत्राला) काय लागणार आहे ते लिहून घेतलं तर निम्मं काम तिथंच होतं. आम्ही व्हॅटचे लॉट आता दोन दिवसांत गोळा करून घेतो आणि ते पाणी वेगळं हवेवर ठेवतो.

सल्फर रंगांना हाच नियम, पण एक गोष्ट कळकळीनं सांगतो. सल्फर रंगाच्या पाण्यात सोडियम सल्फाइड असतं. त्यात ॲसिड पडलं की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. सुरुवातीला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, प्रमाण वाढलं की नाक मरतं आणि वास येईनासा होतो, आणि प्रमाण आणखी वाढलं की माणूस कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. आपल्याकडं टाक्यांमध्ये माणसं गेल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतो आपण. सल्फाइड हवेनं पूर्ण जाईपर्यंत त्या टाकीजवळ ॲसिडचा कॅन नेऊ नका, आणि गाळाच्या कुठल्याही बंद टाकीत आतली हवा तपासल्याशिवाय, दोर आणि वर माणूस असल्याशिवाय कुणालाही उतरवू नका. मालकानं घाई केली तरी.

गाळूनही रंग खाली उतरतो तेव्हा

हा प्रकार काळ्या शेडनंतर जास्त दिसतो. सगळ्यात जास्त खपणारा काळा, रिॲक्टिव्ह ब्लॅक ५, यात दोन ॲझो जोड असतात. ते तुटले की मधल्या भागाचं एक अमाइन तयार होतं आणि त्याला हवा लागली की ते स्वतःच गडद व्हायला लागतं. रंग तुटला हे खरं, तरी तुकडा पाण्यातच आहे. इथं हिराकस वाढवून काही होत नाही, तोडायला जोड उरलेलेच नाहीत. हा तुकडा एरेशन टँकमधल्या (हवा सोडत ठेवलेल्या टाकीतल्या) जिवाणूंनी खायचा असतो, आणि त्यानंतरही जे राहील ते ॲक्टिव्हेटेड कार्बननं धरायचं. ज्यांच्याकडं जैविक टप्पाच नाही त्यांना हा रंग पुरता जाईल असं मी सांगू शकत नाही.

पाणी नितळ झालं म्हणजे ते निरुपद्रवी झालं असं नाही, हेही इथंच ध्यानात येतं. काही ॲझो रंगांच्या तुकड्यांत कर्करोग घडवणारी अमाइन असतात. बेन्झिडिनवर बेतलेले असे रंग आपल्याकडं १९९० च्या दशकातच बंद झाले. तरी सुटा, बिनलेबलचा, स्वस्तातला रंग घेताना मास्तरांनी दहादा विचार करावा. तो पाण्यात जातो आणि ते पाणी कुणाच्या तरी विहिरीजवळून वाहतं.

रंग जातच नाही, ही वेगळी तक्रार

काही जणांचं पाणी संध्याकाळीही रंगीतच असतं. तिथं मी आधी ब्लीचिंगबद्दल विचारतो. ब्लीचचं उरलेलं पेरॉक्साइड त्याच टाकीत आलं तर ते हिराकसातलं लोह क्षणात पालटवून टाकतं आणि रंग तोडायला काही उरत नाही. वर त्याचे ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे फ्लॉकला चिकटतात आणि गाळ खाली बसायच्या ऐवजी सायीसारखा वर तरंगतो. तपासायला सोपं आहे: पाण्यात दोन थेंब ॲसिड आणि पोटॅशियम आयोडाइडचा एक खडा टाका, तपकिरी झालं की पेरॉक्साइड आहे. ब्लीचचं पाणी वेगळं मुरवा किंवा कॅबिनेटमध्येच पेरॉक्साइड मारून मग सोडा. गाळ तरंगण्याचं दुसरं कारण गरम पाणी. सोपिंगचं उकळतं पाणी थेट सेटलिंगला आलं की आत प्रवाह फिरतात आणि काही बसत नाही. ते आधी इक्वलायझेशनमध्ये (सगळं पाणी एकत्र साठवायच्या टाकीत) निवू द्या.

फिरोजी शेडचं दुखणं निराळं. टर्क्वाइज निळ्यात ॲझो जोड नसतोच, तांब्याभोवती बांधलेली थॅलोसायनिनची चकती असते. हिराकस तिथं काय तोडणार? या पाण्याला कॅटायनिक पॉलिमर, म्हणजे बाजारात "कलर रिमूव्हर" नावानं मिळणारं द्रव, चांगलं लागू पडतं, कारण ते भाराला भार लावून रंग खाली ओढतं. पण त्याचा डोस अगदी हातात ठेवावा लागतो. जास्त झालं की कणांवर उलटा भार बसतो, ते एकमेकांना ढकलतात आणि पाणी दुधाळ राहतं. लोक पुन्हा कमी पडलं समजून आणखी ओततात. ओळख अशी: त्या दुधाळ पाण्यात थोडं कच्चं रंगीत पाणी मिसळा. गढूळपणा फाटून खाली बसला तर डोस जास्त झाला होता. हे द्रव उरलेलं पाण्यात जाऊ देऊ नका, माशांच्या कल्ल्यांना ते फार वाईट, आणि एरेशन टँकच्या जिवाणूंनाही.

तुरटी वापरणाऱ्यांसाठी एकच. तिचं काम साडेपाच ते साडेसात पीएचमध्ये. रंगाईचं पाणी दहा-अकराला असतं, तिथं तुरटी विरघळून जाते आणि पुढं पीएच उतरला की पांढुरकं धुकं होऊन परत येते. सकाळी पाणी तांबूस न दिसता दुधी दिसत असेल तर हे बघा.

डोस ठरवायचा तो बरण्यांत. हिराकस १०० ग्रॅम पाण्यात विरघळवून लिटरभर द्रावण करा. याचा १ मिलि एका लिटर पाण्यात टाकला की १०० मिलिग्रॅमचा डोस झाला. लोणच्याच्या काचेच्या सहा बरण्या पुरतात. प्रत्येकीत लिटरभर त्याच दिवसाचं पाणी, डोस चढता, पीएच सगळीकडं सारखा, मिनिटभर जोरात, पंधरा मिनिटं हळू, अर्धा तास स्वस्थ. जिथून पुढं फरक दिसत नाही तिथं थांबा. लिटरला एक ग्रॅम म्हणजे दहा हजार लिटरला दहा किलो, हा हिशोब भिंतीवर लिहून ठेवा. हिराकसाचं द्रावण मात्र रोज ताजं करा. कालचं तांबूस झालेलं द्रावण वापरून डोस ठरवू नका.

हायपो आणि फेंटन

सोडियम हायपोक्लोराइट ओतलं की रंग डोळ्यांदेखत उडतो, म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी अनेकांचा हात तिकडं जातो. मला हे मनापासून नको वाटतं. क्लोरीन रंगाच्या तुकड्यांना चिकटून नवी क्लोरीनयुक्त सेंद्रिय द्रव्यं बनवतो, सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) फारसा उतरत नाही आणि एरेशन टँक मरतो तो वेगळाच. हायपो आणि ॲसिड एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही कॅन शेजारी ठेवलेले मी पाहिलेत.

फेंटनची पद्धत मात्र पक्की आहे. हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये लोह आणि पेरॉक्साइडची ही जोडी दाखवली. पीएच तीनच्या आसपास हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात आणि ते ॲझो, अँथ्राक्विनोन अशा कुठल्याही जातीचा रंग फोडतात, वर सीओडीही उतरवतात. अडचण खर्चाची. रिॲक्टिव्हच्या पाण्यात सोडा ॲश भरपूर असतो. तीनवर आणायला ॲसिड बेसुमार लागतं आणि सोड्यातला वायू सुटून टाकी दूध उतू जावं तशी फेसाळून बाहेर येते. पहिल्यांदा करणार असाल तर टाकी निम्मीच भरा आणि ॲसिड पातळ धारेनं सोडा. शेवटी पीएच वर आणून उरलेलं पेरॉक्साइड जाऊ दिल्याशिवाय सीओडी तपासायला देऊ नका, आकडा फुगून येतो.

मीठ

वर सांगितलेलं कुठलंच रसायन मीठ काढत नाही. उलट हिराकस आणि ॲसिडमुळं क्षार वाढतातच. सुती रंगाईत लिटरला ४० ते ८० ग्रॅम मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट लागतं, आणि विरघळलेल्या क्षारांची मर्यादा आहे लिटरला २१०० मिलिग्रॅम. तिरुपूरच्या रंगाई कारखान्यांना २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयानं टाळं लावलं, त्यामागं नोय्यल नदीत उतरलेला रंग होता तसं हे मीठही होतं. ज्या शेतकऱ्याच्या विहिरीत ते उतरतं त्याला पाणी नितळ असून उपयोग नसतो, त्याचं पीक जळतं.

निदान एवढं करता येतं: मीठ आणि न लागलेला रंग सगळ्यात जास्त असतो तो पहिल्या बाथमध्ये, म्हणजे सूत रंगवलेल्या पाण्यात. शंभर किलो सुताला हजार लिटरचा तो बाथ, त्यात चाळीस ते ऐंशी किलो मीठ. नंतरच्या धुण्यांत दोन्ही झपाट्यानं कमी होत जातं. पहिला बाथ वेगळा काढला तर उरलेलं पाणी हिराकसाच्या कितीतरी कमी डोसात निघतं आणि मिठाचं पाणी आटवायला पाठवायचं तेही थोडं राहतं. आम्ही कॅबिनेटच्या तळाला दुसरा व्हॉल्व्ह बसवून तो बाथ स्वतंत्र टाकीत घ्यायला सुरुवात केली आहे. दोन कॅबिनेटना बसला, दोन अजून राहिलेत.